वाचक विचारतात: आग अमेरिकेत लागली, मग भाव डॉलरलाच कसा?

मागच्या अंकात रुपयाच्या घसरणीवर दोन पानं लिहिली होती, त्यावर जळगाव-धुळे-नंदुरबारकडून एवढे प्रश्न आले की यावेळचं सदर खान्देशलाच देऊन टाकलं. सगळे घेता आले नाहीत. काहींचा सूर एकच होता म्हणून त्यातलं एकेक पत्र घेतलंय.

प्रश्न: २००८ मध्ये बुडाल्या अमेरिकेच्या बँका, घरांची कर्जं थकली अमेरिकेत, आणि महाग झाला डॉलर! पडला कोण तर आपला रुपया, ज्याचा त्या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता. मी आयुष्यभर गणित शिकवलं पण हे गणित मला आजतागायत सुटलेलं नाही.
*निवृत्त शिक्षक, अमळनेर*

सर, देश नीट चाललाय तर चलन वर आणि देश गोत्यात तर चलन खाली, हे शांततेच्या काळात बऱ्यापैकी खरं असतं. पण क्रायसिस आला की बाजार देशाची अब्रू बघतच नाही, तेव्हा प्रश्न एकच उरतो, की आज संध्याकाळपर्यंत कोणाला कोणत्या चलनात पैसे चुकवायचेत. ज्या चलनात जास्त लोकांची देणी अडकलीत त्याची ओढ लागते, आणि जगाची देणी अडकलीत डॉलरमध्ये.

आपल्याकडचंच घ्या. गावातल्या निम्म्या लोकांनी एकाच अडत्याकडून उचल घेतलीय, आणि अडत्याने स्वतः कुठेतरी सट्ट्यात हात पोळून घेतले. आता तो काय करणार, घरोघर माणूस धाडणार की माझे पैसे आजच्या आज टाका. मग जो तो घरातली कपाशी काढून मिळेल त्या भावात विकणार, कोणी गाय विकणार, आणि गावात रोख पैसा दिसेनासा होणार. चूक अडत्याची होती हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या आठवड्यात गावभर मागणी त्याच्याच पैशाला!

२००८ ला हेच झालं. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी फंड नावाच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या फंडाला गुंतवणूकदारांचा एक डॉलर पूर्ण एक डॉलर म्हणून परत देता येईना. लोक ज्याला बँकेतल्या ठेवीइतकं सेफ समजत होते तेच हललं म्हटल्यावर सगळ्यांनी हात आखडता घेतला. आता गंमत अशी की युरोपातल्या बऱ्याच बँकांनी अमेरिकेतले घरकर्जाचे बाँड घेऊन ठेवले होते आणि ते घेतले होते डॉलर उसने घेऊन, तेही थोड्या थोड्या मुदतीचे, म्हणजे दर काही दिवसांनी जुनं फेडायचं नि नवं घ्यायचं असा कारभार. नवं मिळणं बंद झालं, जुनं तर फेडायचंच आहे, बाँड कोणी घ्यायला तयार नाही, मग युरो विका, पाउंड विका, पण डॉलर आणा. जुलै २००८ मध्ये एका युरोला १.६० च्या आसपास डॉलर मिळत होते, ऑक्टोबर संपेपर्यंत ते १.२५ च्या जवळ आले. आग अमेरिकेत आणि पळापळ फ्रँकफर्टात!

त्यात आणखी एक. घाबरलेला पैसा ठेवायचा कुठे? शेअर नको, घरं नको, दुसऱ्याची बँक नको. राहिलं अमेरिकन सरकारचं कर्जपत्र, कारण तो बाजार इतका अवाढव्य आहे की अब्जावधी डॉलर घालायचे किंवा काढायचे तर तिथेच जमतं. डिसेंबर २००८ मध्ये तीन महिन्यांच्या अमेरिकन सरकारी बिलांवरचं व्याज जवळजवळ शून्यावर आलं होतं, तरी लोक घेत होते. व्याज नको, मुद्दल तेवढं राहू दे, अशी त्यांची अवस्था.

आता आपला रुपया. सर, संबंध नव्हता असं म्हणता येणार नाही. परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारात पैसे लावले होते, त्यांना घरी डॉलर द्यायचे होते म्हणून त्यांनी इथले शेअर विकले. जानेवारीत २१ हजारांना शिवलेला सेन्सेक्स ऑक्टोबरअखेर आठ हजारांच्याही खाली जाऊन आला. विकून आले रुपये, ते देऊन त्यांनी घेतले डॉलर. शिवाय आपल्या मोठ्या कंपन्यांनी बाहेरून स्वस्त म्हणून डॉलर कर्ज घेतलेलं, ते नव्याने मिळेना म्हणून त्याही डॉलर घ्यायला रांगेत. वर्षाच्या सुरुवातीला ३९-४० रुपयांत मिळणारा डॉलर वर्ष संपता संपता पन्नाशीला टेकला. आणि हे कधी, तर कच्चं तेल जुलैतल्या १४७ डॉलरवरून डिसेंबरात चाळिशीच्या खाली गेलं तेव्हा! तेल स्वस्त तर रुपया मजबूत, हे पाठ झालेलं सूत्र त्या वर्षी चाललं नाही, कारण ओढ आयातीची नव्हतीच, देण्याची होती.

रिझर्व्ह बँकेने गंगाजळीतले डॉलर विकले, तीनशे अब्जांच्या वर असलेला साठा अडीचशेच्या आसपास आला, तरी पडणं थांबवता आलं नाही, फक्त हळू करता आलं. दक्षिण कोरियाकडे तर दोनशे अब्जांहून जास्त साठा होता आणि त्यांचा वॉन आपल्यापेक्षा वाईट आपटला कारण त्यांच्या बँकांची थोड्या मुदतीची परदेशी देणी डोंगराएवढी होती. त्यांना उसंत मिळाली ती ऑक्टोबरअखेर, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, कोरियाला ३० अब्ज डॉलरपर्यंत उसने द्यायची सोय केली तेव्हा. ब्राझील, मेक्सिको, सिंगापूरलाही तेव्हाच तेवढीच सोय मिळाली. एकूण चौदा मध्यवर्ती बँका त्या यादीत होत्या, आपली नव्हती. डॉलर छापणाऱ्याकडून थेट उसने मिळणार हे नुसतं कळलं तरी बाजाराचा श्वास परत येतो, म्हणून मी तर म्हणेन की त्या वर्षी कोणतं चलन किती पडलं याचा अर्धा हिशोब त्या यादीत होता.

प्रश्न: मग जपानचं काय? सरकारवर जीडीपीच्या दुपटीच्या आसपास कर्ज, लोकसंख्या म्हातारी, तरी येन म्हणे संकटात वर जातो.
*बीकॉमचा विद्यार्थी, भुसावळ*

कर्ज कोणाचं आणि कोणत्या चलनात, एवढंच विचार बाबा. जपान सरकारचं कर्ज येनमध्ये आहे आणि बहुतेक जपानी लोकांनी, तिथल्याच बँकांनी, विमा कंपन्यांनी दिलेलं आहे. देश म्हणून बघितलं तर जपानचं जगाकडून येणं प्रचंड आहे, कितीतरी वर्षं जगातला सगळ्यात मोठा धनको तोच होता. आणि तिथे व्याज जवळजवळ शून्य असल्यामुळे जगभरचे खेळाडू येन उसने घेऊन जास्त व्याजाच्या देशात लावायचे. घबराट झाली की ती पोझिशन गुंडाळायची, म्हणजे येन विकत घेऊन परत करायचे. ऑगस्ट २००८ मध्ये डॉलरला ११० च्या आसपास येन पडायचे, डिसेंबरात ९० च्या.

कमाल तर मार्च २०११ ची. ११ तारखेला एवढा मोठा भूकंप, त्सुनामी, अणुभट्टीचा अपघात, आणि १७ तारखेला येन वधारून डॉलरला ७७ च्याही आत! जपानी विमा कंपन्या आता नुकसानभरपाईसाठी बाहेरचा पैसा विकून घरी येन आणणार, असा बाजाराचा अंदाज होता आणि त्या अंदाजावरच सट्टेवाल्यांनी येन उचलले. दुसऱ्या दिवशी जी-७ म्हणजे सात बड्या श्रीमंत देशांनी मिळून येन विकले तेव्हा कुठे तो खाली आला. पण म्हणून येन कायमचा तारणहार आहे असं समजू नको, २०२२ मध्ये अमेरिकेने व्याज भराभर वाढवलं आणि जपानने वाढवलं नाही तर हाच येन १५० पर्यंत घसरला.

प्रश्न: आमचं सराफ बाजारात दुकान आहे. लोक म्हणतात संकटात सोनं वाढतंच. मग २००८ ला परदेशात सोनं पडलं होतं ते कसं? आणि सोन्याच्या आयातीमुळे रुपया पडतो असं टीव्हीवर आम्हालाच का ऐकवतात?
*एक सराफ, जळगाव*

शेठ, मार्च २००८ मध्ये औंसाला हजार डॉलरला शिवलेलं सोनं ऑक्टोबरअखेर सातशे-सव्वासातशेपर्यंत आलं होतं हे खरंय. देणी डॉलरमध्ये असली की माणूस आधी ते विकतो जे विकलं जातं, आणि सोनं कुठेही, कधीही विकलं जातं. पहिल्या झटक्यात त्याची विक्री होते, नंतर घबराट थोडी ओसरली आणि सरकारं नोटा छापायला लागली की लोक परत सोन्याकडे वळतात. जळगावात मात्र ती पडझड निम्म्यावरच जाणवली कारण आपला भाव म्हणजे डॉलरमधला भाव गुणिले रुपयाचा रेट, वर ड्युटी, आणि तिकडे सोनं उतरत असताना इकडे रुपयाही उतरत होता. तुमच्या गिऱ्हाइकाला आपण सोनं घेतोय असं वाटतं, पण तो थोडा डॉलरही घेत असतो.

दुसऱ्या प्रश्नावर तुमचा राग समजतो, पण टीव्हीवाले इथे पूर्ण चुकीचे नाहीत. सोनं आपल्याकडे निघतच नाही म्हटलं तरी चालेल, सगळं बाहेरून, डॉलर देऊन. २०१२-१३ मध्ये देशाची चालू खात्यातली तूट, म्हणजे बाहेर जाणारे डॉलर जास्त नि कमाईचे कमी यातला फरक, जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती, त्यात तेलाखालोखाल सोन्याचा हात. म्हणून तर २०१२ च्या सुरुवातीला दोन टक्क्यांवर आणलेली ड्युटी ऑगस्ट २०१३ पर्यंत दहा टक्के केली. मे २०१३ मध्ये फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्की नुसतं म्हणाले की आम्ही बाँडची खरेदी, म्हणजे बाजारात नवे डॉलर ओतणं, हळूहळू कमी करू शकतो, आणि ज्यांची तूट मोठी अशा देशांची चलनं धडाधड कोसळली. आपण, ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका. २८ ऑगस्टला रुपया ६८.८ झाला. तूट म्हणजे दर महिन्याला कोणीतरी बाहेरून पैसे आणून टाकायला हवेत, आणि क्रायसिस आला की पहिला तोच माणूस थांबतो.

पण हेच सोनं अडीनडीला कामाला येतं हेही सांगायला पाहिजे. १९९१ ला आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. तेव्हा आधी स्टेट बँकेमार्फत २० टन परत घ्यायच्या बोलीवर विकलं आणि मग जुलैत रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून पैसे उचलले, आणि त्याच महिन्यात दोन हप्त्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, एकवीसचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला. कोरियात १९९८ मध्ये लोकांनी लग्नाच्या अंगठ्यासुद्धा देऊन सव्वादोनशे टनांच्या वर सोनं गोळा केलं होतं. आपल्याकडे असं आवाहन केलं तर खान्देशातल्या बायका काय म्हणतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत!

प्रश्न: रुपया पडला की निर्यातदाराची चांदी म्हणतात. आमची केळी दुबई-सौदीला जाते. मग आम्हाला ते का दिसत नाही भो?
*केळी उत्पादक, रावेर तालुका*

भो, चांदी आहे, फक्त ती वाटेत कुठे उतरते ते बघायला पाहिजे. दिरहम आणि रियाल दोन्ही डॉलरला बांधलेले आहेत, ३.६७ दिरहमला एक डॉलर आणि ३.७५ रियालला एक डॉलर, वर्षानुवर्षं हलले नाहीत. म्हणजे रुपया डॉलरपुढे पडला की दुबईच्या व्यापाऱ्याकडून येणाऱ्या पैशाचे आपोआप जास्त रुपये होतात, हे निर्यातदाराच्या खात्यात होतं. तुमच्या बांधावरचा भाव मात्र बऱ्हाणपूरचा बोर्ड, माल किती निघाला आणि उत्तरेकडून मागणी किती आहे यावर ठरतो, कारण निर्यातीला जातो तो एकूण मालातला थोडाच. त्यात केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि ते सगळंच्या सगळं परदेशातून येतं, कंटेनरचं भाडं डॉलरमध्ये, डिझेलच्या मागे तेलही डॉलरमध्येच. एका हाताने मिळालं ते दुसऱ्या हाताने गेलं.

आणि खरा क्रायसिस असला तर घेणाराच गायब होतो. २००८ च्या शेवटी रुपया पन्नाशीला होता, म्हणजे कापूस निर्यातीला सोन्याचे दिवस यायला हवे होते ना? जगातले कापसाचे भावच कोसळले. त्या हंगामात बराचसा कापूस घेतला तो सीसीआयने, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाने, हमीभावाने. म्हणून निर्यातदाराची चांदी हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, घेणारा आहे का अजून?

प्रश्न: चलन वाचवायला व्याजदर वाढवतात. ते नेहमी काम करतं का? परीक्षेत काय लिहावं?
*एमपीएससीचा उमेदवार, नंदुरबार*

परीक्षेत "परिस्थितीनुसार" लिही आणि खाली उदाहरणं दे, मार्क मिळतील.

१६ सप्टेंबर १९९२ ला ब्रिटनने एका दिवसात व्याज १० वरून १२ केलं, मग १५ करतो म्हणून जाहीर केलं, आणि संध्याकाळी पाउंड युरोपच्या दर-व्यवस्थेतून, म्हणजे चलनं एकमेकांना ठरावीक दराने बांधायच्या करारातून, बाहेर! स्वीडनने तर त्याच महिन्यात बँकांना उसने द्यायचा रात्रीचा दर ५०० टक्क्यांवर नेला होता, नोव्हेंबरात क्रोना बाजाराच्या भरवशावर सोडूनच द्यावा लागला. बाजाराला दिसत होतं की घरकर्ज घेतलेली जनता एवढं व्याज सोसणार नाही, म्हणजे सरकार माघार घेणारच. व्याज वाढवणं ही धमकी असते आणि ती खरी वाटली तरच चालते.

उलट रशिया, २०२२. त्यांच्या परदेशी साठ्यापैकी सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले गेले, रुबल मार्चमध्ये डॉलरला १२० च्याही पलीकडे गेला, आणि जूनअखेर पन्नाशीत परत! व्याज २० टक्के केलं होतं खरं, पण त्याहून मोठं काम केलं ते बंधनांनी. निर्यातदारांनी परकीय कमाईचा ८० टक्के भाग विकायलाच पाहिजे, लोकांनी बाहेर पैसे पाठवायचे नाहीत, आणि तेल-गॅसचे पैसे येतच होते. अशा रेटवर भाळून जाऊ नको, दाराला कुलूप लावल्यावर घरातून कोणी गेलं नाही यात काय विशेष! तू भारताचं २०१३ चं उदाहरण नक्की लिही, कारण तिथे नुसतं व्याज वाढवून भागलं नाही. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींवरची विनिमयाची जोखीम रिझर्व्ह बँकेने सवलतीत स्वतःकडे घेतली, त्यातून सुमारे २६ अब्ज डॉलर आले. बाजाराला हवे होते डॉलर, ते दिल्यावर तो शांत झाला.

आइसलँडचं २००८ ही वाच. तीन बँका, त्यांचा पसारा देशाच्या जीडीपीच्या दहापट, देणी परकीय चलनात, आणि लोकांनी गाड्यासुद्धा येन आणि फ्रँकशी जोडलेल्या कर्जावर घेतलेल्या. क्रोना निम्म्यावर आला तसे हप्ते दुप्पट झाले. त्यांनी लावलेली बंधनं उठायला २०१७ उजाडलं.

प्रश्न: १९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, असा मेसेज फिरतोय. खरं का?
*गृहिणी, चाळीसगाव*

नाही ताई. तेव्हा रुपया पाउंडाला बांधलेला होता, सव्वातेरा-साडेतेरा रुपयांना एक पाउंड, आणि पाउंडाला चार डॉलर, म्हणजे हिशोबाने डॉलर सव्वातीन रुपयांच्या आसपास पडायचा. १९४९ ला तो ४.७६ झाला आणि १९६६ ला ७.५०. मेसेज पाठवणाऱ्याला एवढं उत्तर धाडा, परत पाठवणार नाही. निदान तुम्हाला तरी.

प्रश्न: मना पोऱ्या अमेरिकामा शे. तो म्हणस, डॉलर आखो वाढी, मंग पैसा धाडसू. काय सांगू त्याले?
*शेतकरी, शिरपूर*

दादा, पुढे डॉलर वाढेल का उतरेल हे सांगणारा माणूस मला भेटला तर मी सदर लिहायचं सोडून त्याच्याच दारात बसेन. तुमचं देणं कशात आहे ते बघा. बँकेचा हप्ता, ठिबकवाल्याची उधारी, मुलीचं लग्न, हे सगळं रुपयात आहे ना? मग तेवढे पैसे आत्ताच मागवून घ्या, व्याज चढत असताना रेटची वाट बघण्यात फायदा कमी नि डोक्याला ताप जास्त. जे पैसे लगेच लागणार नाहीत त्यांचं पोराला ठरवू द्या. फक्त त्याला एवढं सांगा, ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या वर गेला तेव्हा आता सत्तर होणारच म्हणून बरेच जण थांबले होते, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना एकसष्ट-बासष्टने पैसे पाठवावे लागले.